गिटारचा अर्धा आवाज पेटीत

लिओ फेंडर यांनी बेसमन हा ॲम्प बनवला तो बेस गिटारसाठी. 1951 साली कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या कारखान्यातून प्रिसिजन बेस बाजारात आली होती, आणि ती ड्रमच्या दणदणाटात ऐकू येण्यासाठी तिला स्वतःचा ॲम्प हवा होता. पहिल्या बेसमनमध्ये पंधरा इंची एकच स्पीकर होता. 1954 च्या अखेरीस त्याच्या जागी दहा इंची चार स्पीकर आले. मागून उघडी असलेली ही पेटी बेसच्या खर्जाला पुरी पडेना. जोर लावला की आवाज फुटायचा. गिटारवाल्यांनी मात्र आपली गिटार तिला जोडून पाहिली आणि नेमका तो फुटणारा आवाज त्यांना हवाहवासा वाटला. 1958 ते 1960 या काळातला 5एफ6-ए या सर्किटचा बेसमन आजही गिटार ॲम्पच्या जगात आदर्श मानला जातो, तो बेससाठी नव्हे, गिटारसाठी.

त्याच सुमारास लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल इथं जिम मार्शल नावाचे ड्रमवादक वाद्यांचं दुकान चालवत होते. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर असे तरुण गिटारवादक तिथं येत आणि अमेरिकन ॲम्पसारखा, पण त्याहून दमदार आवाज मागत. फेंडरचा ॲम्प अटलांटिक ओलांडून यायचा म्हणजे किंमत भलतीच चढायची. मार्शल यांच्याकडे दुरुस्तीचं काम पाहणारे केन ब्रान आणि अवघ्या अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनी बेसमनच समोर ठेवला आणि त्याचं सर्किट उतरवून घेतलं. 1962 मध्ये त्यातून जेटीएम 45 तयार झाला.

कागदावर हे दोन्ही ॲम्प जवळपास सख्खे भाऊ आहेत. ऐकायला बसलं की ते वेगळ्या घरचे वाटतात. सर्किट उतरवता आलं, पण सुटे भाग लंडनमध्ये मिळतील तेच घालावे लागले. बेसमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह, म्हणजे सिग्नल वाढवणारी काचेची नळी, 12एवाय7 होता. इथं ईसीसी83 बसला, ज्याची वर्धनक्षमता दुपटीहून जास्त. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ब्रिटिश दुकानातला. आणि सगळ्यात मोठा फरक स्पीकरचा. फेंडरकडे शिकागोच्या जेन्सन कंपनीचे पी10आर होते. मार्शल यांच्या हाताशी होते सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची स्पीकर, प्रत्येकी पंधरा वॅट सोसणारे. पंचेचाळीस वॅटच्या ॲम्पपुढे एक-दोन टिकण्यासारखे नव्हते, म्हणून चार घेतले आणि मागून बंद असलेल्या एका भक्कम पेटीत बसवले. रॉक संगीताच्या रंगमंचावर आजही उभी दिसणारी चार बाय बाराची पेटी या साध्या हिशेबातून आली.

स्पीकर बदलल्याचा परिणाम थेट सर्किटपर्यंत पोचला, तोही पाहण्यासारखा आहे. बेसमनचे आठ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडलेले, म्हणजे एकूण भार दोन ओहम. मार्शलची पेटी सोळा ओहमची. दोन्ही ॲम्पमध्ये आउटपुटमधला थोडा सिग्नल मागे फिरवून आवाज आवरण्यासाठी वापरला जातो; त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. सोळा ओहमच्या टोकावरचं व्होल्टेज दोन ओहमच्या टोकापेक्षा सुमारे 2.8 पट असतं. मागे फिरवणारा रेझिस्टन्स तोच ठेवला, तर फीडबॅकचा डोस आपोआप वाढतो आणि ॲम्पचा स्वभाव पालटतो. पेटी वेगळी निवडली आणि ॲम्प वेगळा झाला.

या प्रकरणात मला एवढंच पटवून द्यायचं आहे, की ॲम्पचा आवाज सुधारायला निघालेल्या माणसानं शेवटच्या टोकापासून, म्हणजे स्पीकरपासून सुरुवात करावी. बहुतेक जण उलट करतात. पेडल बदलतात, पिकअप बदलतात, व्हॉल्व्हवर पैसे घालतात, झाळणी घेऊन सर्किटमध्ये शिरतात, आणि कारखान्यानं काटकसरीत बसवलेला स्पीकर तसाच राहतो. बाकीच्या सगळ्या खटपटीचं फळ त्याच्याच तोंडून बाहेर पडणार असतं.

स्पीकर नेमकं करतो काय? चुंबकाच्या फटीत तारेची एक कॉइल तरंगत असते. ॲम्पमधून वीज आली की ती पुढे-मागे सरकते आणि तिला चिकटवलेला कागदी कोन हवा ढकलतो. खालच्या सुरांना हा कोन अखंड हलतो. सूर वर चढत गेले की कोनाचे वेगवेगळे पट्टे वेगवेगळ्या दिशांनी थरथरू लागतात. काही कंपनं फुगतात, काही दबतात. घरी गाणी ऐकायच्या हाय-फाय स्पीकरचा अभियंता ही थरथर मारून टाकण्यासाठी आयुष्य वेचतो. गिटारच्या स्पीकरचा अभियंता तिला वळण लावतो. कागद किती जाड, कडेच्या वळ्यांना कोणता लेप, मधली टोपी केवढी, कॉइलचा व्यास किती, यावर तिचं रूप ठरतं. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कानसून जवारी काढतात, तेव्हा तारेला जाणूनबुजून घासायला लावतात आणि एका सुरातून अनेक सूर जागे करतात. कोनाचं काम त्याच जातीचं आहे.

गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर भराभर मिटत जातो, आणि हेच त्याचं मोठं बलस्थान. ओव्हरड्राइव्ह झालेल्या, म्हणजे जोर लावून आवाज फुटू लागलेल्या, ॲम्पमधून उच्च स्वरांचा कचरा फार निघतो. तोच सिग्नल हाय-फाय स्पीकरला दिला तर चरचरीत आणि बोचरा ऐकू येतो. गिटारचा स्पीकर त्यातला वरचा थर कापून टाकतो आणि दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास थोडा उठाव देतो. रेकॉर्डवर आपण ज्याला इलेक्ट्रिक गिटारचा टोन म्हणतो, त्यात या कापण्याचा आणि उठावाचा वाटा फार मोठा आहे.

स्पीकर बिघडवून टोन शोधणाऱ्यांचा इतिहासही याच कागदापाशी पोचतो. 1951 साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांच्याकडे ‘रॉकेट 88’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. गिटारवादक विली किझार्ट यांच्या ॲम्पचा कोन वाटेत इजा होऊन फाटला होता. फिलिप्स यांनी त्यात कागद कोंबला आणि जो खरखरीत आवाज आला तोच ठेवला. 1964 मध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी एल्पिको नावाच्या छोट्या हिरव्या ॲम्पचा कोन ब्लेडनं चिरला, त्याचा आवाज पुढे व्हॉक्स एसी30 मध्ये सोडला, आणि ‘यू रिअली गॉट मी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. एकाही सर्किटला हात न लावता, नुसत्या कोनावर केलेले हे बदल आहेत. चांगल्या स्पीकरवर ब्लेड चालवा, असं मी अर्थातच सुचवणार नाही.

आता निवडीकडे. स्पीकरच्या माहितीपत्रकात लोक आधी वॅट पाहतात. वॅट म्हणजे तो किती सोसेल, किती मोठ्यानं वाजेल ते नव्हे. मोठेपणाचा आकडा वेगळा असतो, संवेदनशीलतेचा: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. सेलेस्टियनचा ब्लू हा जुन्या व्हॉक्स ॲम्पमधला स्पीकर फक्त 15 वॅटचा, पण त्याची संवेदनशीलता 100 डेसिबल. ग्रीनबॅक 25 वॅटचा, 98 डेसिबल. 65 वॅटचा क्रीमबॅक 97. तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट किंवा निम्मी करण्यासारखं. पंधरा वॅटच्या ॲम्पवर 97 चा स्पीकर काढून 100 चा लावला, तर तीस वॅटचा ॲम्प विकत घेतल्याइतका फायदा होतो. कानाला मात्र आवाज दुप्पट वाटायला दहाएक डेसिबल लागतात, तेव्हा फार चमत्काराची अपेक्षा नको. उलटंही खरं: ज्याला घरात बेताच्या आवाजात व्हॉल्व्ह गरम करून वाजवायचं आहे, त्यानं कमी संवेदनशील स्पीकर घ्यावा.

सोसण्याच्या बाबतीत हात सैल ठेवावा. व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण उघडला की त्याची लाट चौकोनी होत जाते, आणि चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते. पंधरा वॅटचा ॲम्प त्यामुळे तीसच्या जवळ जाऊ शकतो. एकट्या स्पीकरला ॲम्पच्या दुप्पट वॅटचा अंदाज ठेवला की झोप नीट लागते. फार जास्त वॅटचा स्पीकरही सरसकट चांगला नसतो. जाड कॉइल आणि ताठ कोन सहज फुटत नाहीत, आवाज स्वच्छ आणि थोडा कोरा राहतो. काहींना तोच हवा असतो. दक्षिण कॅलिफोर्नियात सर्फ संगीत वाजवणारे डिक डेल इतक्या जोरात वाजवायचे, की लिओ फेंडर यांनी दिलेले ॲम्प आणि स्पीकर एकामागून एक जळत गेले. त्यांच्यासाठी शेवटी जेबीएलचा पंधरा इंची डी130एफ आला. न फुटता गर्जणारा आवाज हीच त्यांची मागणी होती.

चुंबकावरून वाद खूप चालतात. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचं मिश्रण असलेला ॲल्निको जुना आणि महाग. 1960 च्या दशकात स्वस्त सिरॅमिक चुंबक आले आणि ग्रीनबॅक त्यांच्यावरच उभा राहिला. ॲल्निको गोड आणि सिरॅमिक कडक, असं सरसकट बोललं जातं. माझं मत असं, की कोन आणि पेटी यांचा हात चुंबकापेक्षा मोठा आहे. ग्रीनबॅकचा मऊ, किंचित धुरकट मधला पट्टा आणि 1986 मध्ये आलेल्या व्हिन्टेज 30 चा पुढे सरसावणारा तीक्ष्ण मधला पट्टा, दोघांचे चुंबक सिरॅमिकच.

पेटीचा भाग तर लोक विसरूनच जातात. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर 82 हर्ट्झचा. हवेत त्याची लाट चार मीटरहून लांब. मागून उघड्या पेटीत कोनाच्या मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला काही अंशी खोडते. खर्ज पातळ होतो, पण आवाज खोलीभर पसरतो. बंद पेटीत मागची लाट अडकते, आतली हवा कोनाला आवरते, आणि छातीवर येणारा ठोका मिळतो. उघड्या पेटीच्या अर्ध्या पाठीवर प्लायवूडची एक फळी स्क्रूनं बसवून पाहणं हा मी सुचवीन तो सगळ्यात स्वस्त बदल. आवडला नाही तर फळी काढून टाका.

त्याहून स्वस्त, म्हणजे फुकट, एक गोष्ट आहे. तीन हजार हर्ट्झच्या सुराची लाट अकरा सेंटिमीटरच्या आसपास. बारा इंची कोनापुढे ती इवलीशी. त्यामुळे वरचे सूर कोनासमोर सरळ झोताने जातात, बाजूला पसरत नाहीत. ॲम्प जमिनीवर असेल तर तो झोत वाजवणाऱ्याच्या पोटरीवर पडतो. उभ्यानं वाजवणाऱ्याच्या कानाला आवाज मंद वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता ठेवा, कानाच्या रेषेत आणा, मग नॉब लावा. कर्कश किंवा बोथट म्हणून हिणवलेले कितीतरी ॲम्प या एका हालचालीनं सुधारतात, आणि नव्या स्पीकरचा खर्च टळतो.

स्पीकर बदलायचाच ठरला तर ओहम जुळवणं पहिलं. व्हॉल्व्ह ॲम्पच्या पाठीवर आठ लिहिलं असेल तर आठच. आठचे दोन समांतर जोडले की चार, ओळीनं जोडले की सोळा. सोळाचे चार, दोन-दोनच्या ओळी करून त्या समांतर जोडल्या, की पुन्हा सोळा. मल्टिमीटर लावला तर आठ ओहमचा स्पीकर साडेसहा-सात दाखवेल. तो बिघडलेला नाही. तारेचा नुसता रोध तेवढाच असतो, आणि आठ हा आकडा वाजताना लागणाऱ्या एकूण अडथळ्याचा. तोही स्थिर नसतो. कोनाच्या नैसर्गिक कंपनापाशी, 75 ते 100 हर्ट्झच्या आसपास, तो अनेक पटींनी वर जातो, आणि उच्च सुरांकडे पुन्हा हळूहळू चढतो. व्हॉल्व्ह ॲम्प या चढउताराला दाद देतो: जिथं अडथळा जास्त, तिथं आवाज उचलतो. ट्रान्झिस्टरचे बहुतेक ॲम्प देत नाहीत. एकच स्पीकर दोन ॲम्पवर निराळा वाजतो, त्याचं हे एक कारण.

व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय कधीही चालू करू नये. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉल्व्ह प्राण सोडतात. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचं भय उलट्या बाजूला असतं, सांगितल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडण्यात. दोन स्पीकर असतील तर त्यांची दिशा तपासा: दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की दोघांचे कोन एकाच बाजूला उडाले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर खर्ज नाहीसा होतो, आणि माणूस नव्या स्पीकरला शिव्या घालतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूनं ताण दिला तर सांगाडा वाकतो आणि कॉइल फटीत घासू लागते. मोठ्या चुंबकाचा स्पीकर घेण्याआधी पेटीची खोलीही मोजावी. ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या छोट्या कॉम्बोमध्ये तो ट्रान्सफॉर्मरला किंवा व्हॉल्व्हला टेकतो. नवा स्पीकर पहिल्या दिवशी ताठ वाजेल. काही तास दणकून वाजवल्यावर कडा सैल होतात आणि वरची धार बसते. निवाडा त्यानंतरच करावा.

एवढं झाल्यावर ॲम्पच्या पोटात जावं, आणि तिथंही व्हॉल्व्हपासून. पहिल्या जागेवरचा 12एएक्स7 काढून 5751 लावला तर वर्धन शंभरावरून सत्तरावर येतं, 12एटी7 साठच्या घरात, 12एवाय7 पंचेचाळीसच्या. झाळणी लागत नाही, दोन मिनिटांत परत फिरता येतं, आणि फार लवकर फुटणारा ॲम्प शहाणा होतो. ॲम्प बंद आणि गार असावा, एवढंच पथ्य. पॉवर व्हॉल्व्ह मात्र असे बदलू नयेत. त्यांचं बायस मोजून लावावं लागतं.

झाळणी घ्यायचीच तर लहान कंडेन्सरचे बदल सगळ्यात बोलके. फेंडरच्या पहिल्या टप्प्यात कॅथोडच्या दीड किलोओहम रेझिस्टन्सला 25 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर समांतर असतो. तो सगळे सूर सारखे उचलतो. मार्शलनं पुढे एका चॅनेलला 2.7 किलोओहम आणि 0.68 मायक्रोफॅरड दिले. खर्ज मागे राहिला, आणि ओव्हरड्राइव्ह गढूळ होईनासा झाला. व्हॉल्युमच्या नॉबवरचा ब्राइट कंडेन्सर हा दुसरा बोलका भाग. कमी आवाजात वाजवताना ॲम्प टोचत असेल तर बहुधा तोच दोषी, आणि त्याचं एक टोक सोडवणं पुरतं.

पण हे वाचल्याशिवाय कुणी झाकण उघडू नये. व्हॉल्व्ह ॲम्पच्या फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते तिथंच थांबू शकतात. या व्होल्टेजनं माणूस मरतो. प्लग काढून, योग्य रेझिस्टन्स लावून कंडेन्सर रिकामा करावा, मीटर लावून शून्याजवळ आलेला पाहावा, आणि मगच बोट आत जावं; तेव्हाही दुसरा हात पाठीमागे. ज्याला हे जमणार नाही त्यानं जाणकार मेकॅनिककडे जावं, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला 120 व्होल्टचा ॲम्प आपल्या 230 व्होल्टला तसाच लावणं हा आणखी एक नेहमीचा अपघात. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

हे दोन्ही मार्ग, सर्किटचा आणि स्पीकरचा, एकत्र कुठवर नेऊ शकतात ते रँडल स्मिथ यांनी दाखवलं. 1960 च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ते ॲम्प दुरुस्त करत. कंट्री जो अँड द फिश या बँडच्या बॅरी मेल्टन यांची गंमत करायची म्हणून स्मिथ यांनी मेल्टन यांचा फेंडर प्रिन्स्टन उघडला. दहा इंची स्पीकरचा आणि डझनभर वॅटचा तो चिमुकला ॲम्प. त्यात स्मिथ यांनी बेसमनचं सर्किट आणि मोठे ट्रान्सफॉर्मर बसवले, आणि पुढे जेबीएलचा बारा इंची डी120 बसेल अशी जागा केली. दुकानात तो गिटारवादक कार्लोस सांताना यांनी वाजवून पाहिला आणि खूश होऊन जे उद्गार काढले त्यातून बूगी हे नाव रुळलं. स्मिथ यांची मेसा बूगी कंपनी त्या खेळकर फेरफारातून उभी राहिली.

आपल्याकडे अशा कामाला हात उपलब्ध आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे गिटार घेऊन जात नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथं स्पीकरचे भाग मिळतात, आणि गणपतीच्या दिवसांत बेंजो पथकांच्या पेट्या सांभाळणारे मेकॅनिक कॉइल जळली की कोन फाटला, हे बोटानं पडदा दाबून सांगतात. त्यांच्याकडून जुना स्पीकर रिकोन करून, म्हणजे नवा कोन बसवून, घेताना एक लक्षात ठेवावं: ते बसवतात तो कोन बहुधा लाउडस्पीकरचा, जाड आणि गुळगुळीत. स्पीकर पुन्हा वाजू लागेल, पण मूळ कोनाचा आवाज त्यात नसेल. म्हणून गिटारच्या स्पीकरचा कोन नुसता कडेला फाटला असेल, तर तो काढू देऊ नये. पातळ टिश्यू कागद आणि पांढरा, लवचिक राहणारा गोंद यांनी चीर आतून-बाहेरून जोडली, तर असा स्पीकर पुढची कितीतरी वर्षं आपल्याच आवाजात वाजतो.